बॉनेटवर दोन थापा



मागच्या आठवड्यात आमच्या भिशीला सगळ्या जणी शाली गुंडाळून बसल्या होत्या. "काय बाई ही थंडी!" मोबाइलवर बघितलं तर रत्नागिरीत अठरा अंश. मला हसू आलं. एकीने विचारलंच, "तुम्ही का हसताय काकू?" तेव्हा अमेरिकेतल्या त्या हिवाळ्याची गोष्ट निघाली. ती अर्धीच सांगून झाली, कारण सगळ्यांनाच सूर्यास्ताच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं. उरलेली आज लिहिते. त्यात सगळ्यांसमोर सांगायला जीभ वळली नसती असंही थोडं आहे.

रत्नागिरीकरांना थंडी म्हणजे मोहोर. जानेवारीत चार दिवस गारवा टिकला की माणसं खुशीत येतात, हापूस धरेल म्हणतात. माझं माहेर कुंभोजच्या बाजूचं, तिथली थंडी म्हणजे उसाच्या फडातलं धुकं आणि गुऱ्हाळावरची गरम काकवी. पस्तीस वर्षांपूर्वी ह्यांच्या नोकरीमुळे समुद्राकाठी आले, तेव्हापासून स्वेटर पेटीतच आहे. अशी मी, २०१८ च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणाला शिकागोला गेले. म्हणजे शिकागोजवळच्या एका उपनगरात. तिथे इमारतींच्या पुढे मोठं उघडं पार्किंग, आणि त्या पार्किंगमध्ये जावयांची गाडी.

नात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. सिझेरियन झालं. दहा दिवसांचं सुतक संपलं, लेक हळूहळू चालायला लागली. मी डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ सगळं गाळून-निवडून इथूनच नेलं होतं. स्वयंपाकाची अडचण फारशी नव्हती, अडचण होती ती वेळेची. मी पोचले तेव्हा तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळत होता, जानेवारीच्या शेवटी पाच वाजता. चारला कुकर लावायचा आणि पावणेपाचला ताटं घ्यायची. जावई ऑफिसातून येईपर्यंत अंधार झालेला असे, त्यामुळे ते डबाच दोन नेत. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवसांची, ती तेवढी सोयीची होती. पाणी गाळायला गाळणं नेलं होतं, पण जिवाणी सोडायला विहीर कुठली? चौथ्या मजल्यावर नळ, नळाखाली सिंक. काही गोष्टी मनातल्या मनातच पार पाडाव्या लागतात.

मग ती लाट आली. टीव्हीवर तिला 'पोलर व्होर्टेक्स' म्हणत होते. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात गार हवा गोल फिरत राहते म्हणे. तो भोवरा विस्कटला की त्यातली हवा खाली घसरते. २०१९ च्या जानेवारीच्या शेवटी ती नेमकी आमच्या डोक्यावर घसरली. जावई म्हणाले, "मामी, बुधवारी उणे तेवीस होणार." मी म्हटलं, होऊ दे, आपण घरातच आहोत. नंतर कळलं की ते फॅरनहाइटमध्ये बोलत होते. तीस जानेवारीला शिकागोत सकाळी उणे तेवीस फॅरनहाइट होतं, म्हणजे आपले उणे ३१. आणि त्या दिवशी दुपारी, सगळ्यात 'गरम' वेळेला, आपले उणे तेवीस. म्हणजे माझा आकडाही बरोबरच निघाला, फक्त तो दुपारचा होता. वाऱ्यामुळे अंगाला जाणवायचं ते उणे पंचेचाळीसच्याही खाली. दुसऱ्या दिवशी त्याच राज्यात माउंट कॅरोल नावाच्या गावी उणे ३८ फॅरनहाइट नोंदलं गेलं. इलिनॉयच्या इतिहासात इतकं खाली कधी गेलं नव्हतं.

शाळा बंद, ऑफिसं बंद. टपाल कशानेच थांबत नाही असा तिथे अभिमान, पण त्या दिवशी टपालही बंद. रेल्वेचे रूळ एकमेकांना जुळतात त्या सांध्यांपाशी गॅसच्या ज्वाळा लावलेल्या टीव्हीवर दाखवत होते. मला आधी वाटलं आग लागली! रात्री मधूनच धडाम् असा आवाज यायचा, कुणी वरच्या मजल्यावर कपाट पाडावं तसा. जावयांनी सांगितलं, जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि जमीन तडकते, त्याचा आवाज. मी णमोकार म्हणत पडून राहायचे.

घरात आम्हाला सूचना होती की नळ रात्रभर थेंब थेंब चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, नाहीतर पाइप गोठून फुटतील. आता सांगा, रात्रभर नळ गळू द्यायचा? आपल्याकडे आई नळाचा एक थेंब चुकला तरी उठून जायची. मी खाली बादली ठेवली. सकाळी भरलेली असायची, तीच गाळून भांड्यांना, फरशीला. लेक हसली. पण एका बादलीने माझी झोप लागत असेल तर काय बिघडलं?

आता त्या कोटाबद्दल सांगते.

पोचले त्याच आठवड्यात लेक मला कोट घ्यायला दुकानात घेऊन गेली होती. हलका, ऊबदार, गुडघ्यापर्यंत लांब कोट. अंगात घातल्याबरोबर शेगडीजवळ बसल्यासारखं झालं. आत काय भरलंय म्हणून मी चिठ्ठी बघायला सांगितली. डाऊन. म्हणजे बदकांच्या पोटाखालची मऊ पिसं. एका कोटाला किती बदकं लागत असतील कोण जाणे. मी तो तिथेच काढून ठेवला. लेक म्हणाली, "आई, इथली थंडी तुला माहीत नाही." मी म्हटलं, "कापसाचा दे." कापसाचा नव्हता, पॉलिस्टरचा मिळाला. तिथल्या साध्या थंडीला तो पुरत होता. आत लोकरीचा स्वेटर, वर शाल. लोकर चालते का, असंही तुमच्यातल्या काही विचारतील. मेंढीला मारत नाहीत असं मनाला सांगून मी ती वर्षानुवर्षं घालत आलेय, त्यावर वाद नको.

खरं सांगायचं तर त्या दिवशी दुकानातून निघताना मला जरा अभिमानच वाटला होता. फोनवर जावेला सांगितलंसुद्धा.

गाडीचं मात्र रोजचंच काही ना काही असे. रत्नागिरीत गाडीचा शत्रू पाऊस आणि खारी हवा, पत्रा खातात. तिकडे प्रत्येक भाग वेगळा रुसतो. काचेवर बर्फाचा पापुद्रा, तो प्लास्टिकच्या खरवडणीने काढायचा. दाराचं रबर चौकटीला चिकटतं, जोर लावला तर फाटतं. काच धुवायचं पाणी साधं टाकलं तर गोठतं, म्हणून त्याचं वेगळं निळं द्रावण. थंडीने हवा आकसते, की चाकातली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागतो, पंक्चर नसताना. इंजिनातलं तेल घट्ट होतं, अगदी थंडीतल्या काकवीसारखं, आणि बॅटरीची ताकद नेमकी त्याच वेळी कमी होते. उणे अठराला निम्म्याहून कमी उरते म्हणे. म्हणजे ओझं वाढतं आणि बैल थकतो. मिनेसोटात राहणारी माझी एक चुलत नणंद आहे, तिच्याकडे तर गाडीच्या तोंडातून वायर लोंबते. रात्री गाडी प्लगला लावायची, आत इंजिन कोमट ठेवणारा हीटर असतो. तिने फोटो पाठवला तेव्हा मला म्हशीला दाव्याला बांधल्याची आठवण झाली.

शिकागोत ती सोय सहसा नसते. लोक म्हणतात, रोज थोडी चालवा. जावयांनी सोमवारपर्यंत चालवली. मंगळवार, बुधवार सगळंच बंद, बाळ लहान, आम्ही कुणी खाली उतरलो नाही. बॅटरी चार वर्षांची होती. दिवाळीत बदलायची म्हणून राहून गेली होती, बाळाचा खर्च होता.

बुधवारी दिवसभर मी एकच काम केलं: नातीला ऊब दिली. घरात हीटर होता, बावीस अंश ठेवलेला. पण खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेला दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा. झबलं, त्यावर स्वेटर, पायमोजे, कुंची, आणि वर माझ्या आईच्या लुगड्यांची वाकळ, जी मी माझ्या सामानातले चार डबे कमी करून नेली होती. लेक दोनदा म्हणाली, "आई, तिला गरम होतंय." मी म्हटलं, "तुम्ही तिघं भावंडं अशीच वाढलात." ते खरंच होतं. फक्त तेव्हा घरात शेगडी होती आणि दाराच्या फटीतून वारा यायचा.

गुरुवारी पहाटे पाचला ती कण्हायला लागली. दूध ओढेना. अंगाला हात लावला तर चटका. लेकीने थर्मामीटर लावलं, १००.६. डॉक्टरांच्या रात्रीच्या नंबरवर फोन केला. नर्सने सांगितलं, कपडे सैल करा, वीस मिनिटांनी पुन्हा बघा. वीस मिनिटांनी १००.४. त्या बाईंचा आवाज बदलला. अठ्ठावीस दिवसांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा वर ताप, की तिथे थांबत नाहीत. थेट हॉस्पिटल गाठा, म्हणाल्या.

आम्ही तिघंही निघालो. लेकीला जायलाच हवं होतं, दूध पाजायला. तिला वाकता येत नव्हतं म्हणून मी. बाळाची ती टोपलीसारखी सीट असते, तिच्यात बांधताना मी वर स्वेटर घालायला गेले. जावई म्हणाले, "मामी, जाड कपड्यावर पट्टा सैल राहतो, झटका बसला तर बाळ निसटतं. पट्टा आधी, पांघरूण वरून." मी मुकाट्याने हात मागे घेतला.

खाली आलो. बाहेर काळोख, दिव्यांखाली हवा चकाकत होती. श्वास घेतला तर नाकातले केस गोठून टोचले, मला वाटलं नाकात काही गेलं. लेक आणि बाळ दाराच्या आतल्या पॅसेजमध्येच थांबले, तिथे हीटर होता. जावयांनी दार ओढलं, ते चिकटलेलं. खांद्याने धक्का दिला तेव्हा उघडलं. सेल्फ मारला. टक्. पुन्हा टक्. पुढचे दिवे उदबत्तीच्या टोकाएवढे लाल झाले आणि विझले.

गाडी बंद पडण्याचे प्रकार मी पाहिलेत. आंबा घाटात चाक पंक्चर झालंय, पावसात भाट्याच्या पुलाजवळ पाणी इंजिनात गेलंय. तेव्हा चिडचिड होते, छत्री धरून कुणाची तरी वाट बघायची. इथे तसं काही वाटलं नाही, कारण वाट बघायला जागाच नव्हती. कुणी दहा मिनिटं उघड्या हाताने उभं राहिलं तर बोटं जातील अशी हवा, आणि वर दारात बावीस दिवसांचं बाळ तापलेलं.

जावई म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बोलवू का?" आणि फोन काढला तर फोनच बंद. थंडीने. ते धावत वर चार्जर आणायला निघाले, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीत दिवा लागला. सत्तरीचे असतील. महिन्याभरात आमची ओळख एवढीच, की ते हात हलवायचे आणि मी नमस्कार करायचे. दार उघडून त्यांनी काहीतरी विचारलं. जावई 'बेबी' आणि 'बॅटरी' एवढंच बोलले असतील. आजोबांनी एक बोट वर केलं, थांबा, आणि पायजम्यावर कोट चढवून बाहेर आले. हातात लाल-काळ्या केबली.

पुढची वीस मिनिटं मी टॉर्च धरून उभी होते. तो आजोबांचाच टॉर्च. जावयांचे दोन्ही हात कामात होते, आजोबांचे थरथरत होते, तिसरं माणूस मीच. केबली थंडीने लाकडासारख्या ताठ झालेल्या, वाकवल्या की चरचरायच्या. आजोबा त्यांची गाडी आमच्या गाडीच्या तोंडाशी आणायला गेले. तिचं बॉनेट उघडण्याआधी, सुरू करण्याआधी, त्यांनी तळहाताने बॉनेटवर दोन थापा मारल्या. धप्, धप्. मग एक क्षण थांबून खाली वाकून बघितलं. मग आत बसले. आमच्या गाडीवरही तसंच, धप्, धप्.

मला वाटलं बर्फ झाडतायत.

लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक त्यांच्या अधिकला. काळा त्यांच्या उण्याला आणि शेवटचा काळा आमच्या बॅटरीला नाही, लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला, ठिणगी बॅटरीजवळ उडू नये म्हणून. हे सगळं मला आज पाठ आहे, तेव्हा नुसता उजेड दाखवत होते. पहिल्यांदा काही झालं नाही. आजोबांनी चिमटा काढला, आमच्या बॅटरीच्या टोकावर पांढरा खार धरला होता तो चाकूने खरवडला, पुन्हा लावला. "आता पाच मिनिटं," म्हणाले.

त्या पाच मिनिटांत माझ्या मांड्यांची जाणीव गेली. पॉलिस्टरचा कोट कागदासारखा वाजत होता. टॉर्चवरची बोटं मी बघत होते, पण ती माझी वाटत नव्हती. मागून कुणीतरी आलं. आजोबांच्या घरातल्या आजी. त्यांनी काही न विचारता माझ्या खांद्यावर एक लांब कोट टाकला, माझे हात बाहीत घातले, चेन गळ्यापर्यंत ओढली, लहान मुलीला घालावा तसा. एका क्षणात कळलं. ती ऊब मी दुकानात एकदा अंगावर घेतली होती.

मी तो काढला नाही.

मैत्रिणींनो, पुष्कळ कारणं देता येतील. आपद्धर्म होता, दुसऱ्याचा होता, मी विकत घेतला नव्हता, टॉर्च धरायला बोटं हवी होती. पण त्या क्षणी यातलं एकही मनात आलं नाही. मनात फक्त 'बरं वाटलं' एवढंच आलं. मी चेन अजून थोडी वर ओढली.

इंजिन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि लागलं. आजोबा म्हणाले, कुठेही बंद करू नका, हॉस्पिटलच्या दारातही नाही. कोट अंगावरच घेऊन मी बाळाशेजारी बसले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाकं दोन दिवस एकाच जागी उभी राहून खालून चपटी झाली होती, पहिला अर्धा मैल गाडी थाड थाड उडत गेली. पिवळे दिवे दोन लागले होते. लेक बाळाच्या ओठांशी बोट नेऊन श्वास बघत होती. मी जाप सुरू केला आणि कितव्या मण्यावर आहे ते दर वेळी विसरले.

हॉस्पिटलात ताप मोजला तर ९९. म्हणजे उतरलेला. पण एवढ्या लहान बाळाला घरी ताप आला असेल तर ते तपासल्याशिवाय सोडत नाहीत. रक्त काढलं, लघवी घेतली, आणि पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. एवढीशी पाठ. आम्हाला बाहेर थांबवलं होतं. तिचा आवाज आला तेव्हा लेकीने माझा हात धरला नाही, जावयांचा धरला.

डॉक्टरीणबाई बोलायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, घरात बाळाला काय काय घातलेलं होतं? लेक गप्प राहिली. मीच सांगितलं, एकेक करून, जावयांनी इंग्रजीत केलं. वाकळीला इंग्रजी शब्द त्यांना सापडेना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असंही होऊ शकतं. इतक्या लहान बाळाला घाम काढून अंग गार करता येत नाही, फार गुंडाळलं तर ताप चढलेला दिसतो. पण जंतूंचाही असू शकतो. दोन दिवस थांबू. मोठ्या माणसापेक्षा एक कपडा जास्त, एवढंच लागतं, त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी सगळे रिपोर्ट चांगले आले. जंतू कुठेच सापडले नाहीत. मग कशाने आला ताप, ते कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. लेकीनेही मला त्यावर एक शब्द ऐकवला नाही. मी वाकळ घडी करून बॅगेत तळाशी ठेवली.

शनिवारी घरी आलो तोवर थंडी ओसरत होती, आणखी दोन दिवसांत पार शून्याच्या वर. पागोळ्या लागल्या, रस्त्यावर मिठाचा पांढरा चिखल. जावयांनी नवी बॅटरी बसवून आणली. ती बसवणाऱ्याने सांगितलं ते मला नवं होतं: बॅटरीला खरं मारतो तो उन्हाळा. आतलं सगळं उन्हात झिजतं, थंडी फक्त ते उघडं पाडते.

बेसनाचे लाडू केले आणि कोट घेऊन मी आणि जावई तळमजल्यावर गेलो. आजी कोट परत घेईनात. ठेवा म्हणाल्या, तुमच्याकडे धड कोट नाहीये. जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगा त्यांना. त्यांनी सांगितलं, आम्ही जैन, पिसांचं घालत नाही. आजींचा चेहरा जरा पडला. मी त्या दिवशी घातला होता हे त्यांना आठवत असणार, मलाही आठवत होतं, आणि ते जुळवून सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती. मराठीतही नव्हती. कोट त्यांनी खुंटीला लावला. लाडू आजोबांनी लगेच खाल्ला.

निघताना मी जावयांना म्हटलं, तेवढं विचारा, बॉनेटवर थापा कशाला मारल्या? आजोबा म्हणाले, मांजरांसाठी. थंडीत भटकी मांजरं चाकावरून वर चढून इंजिनाशेजारी झोपतात, तिथे ऊब असते. न बघता गाडी सुरू केली तर पट्ट्यात सापडतात. त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. रोज सकाळी मारतो, म्हणाले, त्या दिवशीही हात आपोआप गेला.

घरी मांस शिजवणारा माणूस. बाहेर उणे तीस, समोर तापलेलं बाळ, हात थरथरतायत, आणि हा थांबून वाकून बघतो. आपल्याकडे यत्नाचार म्हणतात तो शब्द मी पाठशाळेत पोरांना शिकवलाय. समई लावताना, पाणी तापवताना, पाटावर बसताना. गाडीच्या बाबतीत मला तो कधी सुचला नव्हता. आणि आदल्या दिवशी वाकळ घालताना तर नाहीच, लेक दोनदा सांगत असून.

सव्वा महिना उलटून गेल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, नातीला घेऊन बार्टलेटच्या मंदिरात गेलो. १९९३ साली प्रतिष्ठा झालेलं ते मंदिर. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९३ मध्ये, वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माविषयी बोलायला आले होते. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही तिथे एका छताखाली दर्शन घेतात, हे मला फार आवडलं. बाहेर बर्फाचे ढीग, आत पाय पोळत नाहीत की गारठत नाहीत अशी फरशी. नातीला वेदीसमोर धरलं. तिच्या अंगात मोठ्यांपेक्षा एकच कपडा जास्त होता, मोजून.

परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. नात फोनवर मला इंग्रजीतून 'आजी' म्हणते. आलोचना पाठ म्हणताना तो कोट दर वेळी आठवतो, आणि खरं सांगू, त्याच्यापेक्षा वाकळ जास्त आठवते. माताजींना विचारावं असं दोनदा ठरवलं, समोर बसल्यावर दुसरंच काहीतरी विचारलं.

इथे आमची गाडी वाड्याच्या पडवीला उभी असते. मारुती मंदिरापर्यंत भाजीला जायचं तरी हे आधी आत बसतात आणि मी बाहेरून बॉनेटवर थापा मारते, धप्, धप्. शेजारच्या पोरांना वाटतं काकूंना वेड लागलंय. थंडीत इथे मांजर कशाला चढेल, हे म्हणतात. पण पावसाळ्यात चढतं. गेल्या जुलैत थापा मारल्यावर चाकाच्या वरून एक भुरं पिल्लू खाली पडलं, आमच्याकडे रागाने बघत तुळशीमागे गेलं. आम्ही पाच मिनिटं तशीच गाडी बंद ठेवली. त्याची आई अजून आत असेल, असं वाटलं. ती नव्हती, पलीकडच्या पत्र्यावर बसून आम्हालाच बघत होती.